तेविसाव्या पेटीतलं चित्र

मोठ्या टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत एक टेबल आहे. ज्या पत्रांचा पत्ता कोणालाच लागत नाही, ती सगळी फिरून फिरून शेवटी या टेबलावर येतात. शाई पसरलेली, घराचा नंबर विसरलेली, गल्लीचं नाव दोनदा लिहून शहराचं एकदाही न लिहिलेली. एका पाकिटावर तर नुसतं एवढंच होतं: ‘पिवळ्या दाराचं घर, जिथे आता कुत्रा नाही.’ टेबलावरच्या बाईने ते पत्र दोन दिवसांत पोचवलं. पिवळी दारं सात निघाली. त्यांतल्या एकाच दारापाशी साखळी होती आणि साखळीला कुत्रा नव्हता.

ही बाई म्हणजे शंकाबाई. नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे, निवडणुकीने ठेवलेलं. दर पाच वर्षांनी मतमोजणीसाठी सरकार इकडून तिकडून माणसं उसनी घेतं. वीस वर्षांपूर्वी टपाल कचेरीतून हिला घेतलं आणि ‘वाईट अक्षर वाचता येतं ना, मग बसा इथे’ म्हणून शंकास्पद मतांच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून ती शंकाबाई. तशी ती जन्मापासूनच होती म्हणा. शेजारणीने जिना चढताना पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, तरी का घेतली असेल याचा विचार ही दुपारपर्यंत करायची.

मत देणं म्हणजे काय फार अवघड काम नाही. कागदावर उमेदवारांची नावं, प्रत्येकाच्या नावापुढे काड्यापेटीएवढी रिकामी चौकट, पडद्याआड दोरीला बांधलेली पेन्सिल. हव्या त्या चौकटीत फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. पण सोपं काम दिलं की माणसाची अक्कल मोकाट सुटते. कोणी फुली नावावरच मारतो. कोणी दोन चौकटींत मारून दोघांनाही खूश करतो. कोणी सगळी नावं खोडून खाली आपल्या मेव्हण्याचं नाव लिहितो. असा प्रत्येक कागद शंकाबाईसमोर येई, आणि तिला एकच ठरवायचं असे: या माणसाला नक्की म्हणायचंय काय? प्रश्न टपालातलाच होता, फक्त पत्र सरकारला लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर तिच्या त्या ठरवण्याला कोणी भीक घालत नसे. हा मतदारसंघ नकाशावर जुन्या मोज्यासारखा दिसतो, लांबट आणि टाचेपाशी वाकलेला. अख्ख्या मोज्यातून चाळीस वर्षं एकच गृहस्थ संसदेत जात आले. लोक त्यांना ‘कायमचे’ म्हणत. त्यांच्या पक्षाने दगड उभा केला असता तरी निवडून आला असता, आणि कायमचे भाषणाला उभे राहिले की काहींना वाटे, केलाच आहे. पंधरा-वीस हजारांनी जिंकणाऱ्या माणसाला शंभर शंकास्पद मतांचं काय? शंकाबाई मात्र प्रत्येक कागद भिंगाखाली धरून बघायची. बाकीचे चहा प्यायचे.

तिच्या पहिल्याच निवडणुकीत तेविसाव्या पेटीतून तो कागद निघाला. तेविसावी पेटी म्हणजे तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या वाचनालयातली. ती स्वतःही तिथेच मत देते. कागदावरच्या चौकटी सगळ्या कोऱ्या होत्या. पण तळाला, छापखान्याने मोकळी सोडलेल्या पट्टीत, एक बादली काढलेली होती. पेन्सिलीच्या दहा-बारा रेघा, जास्त नाहीत. कडी एका अंगाला कललेली, आणि पाणी इतकं काठोकाठ की कागद तिरका धरायला भीती वाटावी. शंकाबाईने तो बराच वेळ सरळ धरला, आणि मग नाइलाजाने त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारला.

घरी जेवताना तिने ही गोष्ट सांगितली. रद्द मतांबद्दल घरी बोलू नये असा नियम नव्हता. असता तर तिने पाळला असता आणि तिच्या पोटात दुखलं असतं. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिचं भिंगही त्यानेच करून दिलंय.

तो म्हणाला, “सोपं आहे. नळाला पाणी येत नसेल. तक्रार केली बिचाऱ्याने.”

“मग बादली भरलेली कशी?”

“बरं बाई, तू म्हणशील तसं.”

खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई जेवत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलतील असं कोणाला वाटलंही नाही. सासू-सुनेत कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. ‘मीठ दे’, ‘दार लावलंस का’, ‘औषध घेतलंत का’, एवढ्यावर त्या दोघींचा दिवस निभावायचा. सासरे होते तेव्हा घरात तेच बोलायचे, आणि पुढे ते गेल्यावर ती रिकामी जागा भरून काढावी असं कोणाच्या मनात आलं नाही.

पुढच्या निवडणुकीत तेविसाव्या पेटीतून शिडी निघाली. भिंतीला टेकवलेली, पण भिंत काढलेलीच नाही. नुसत्या शिडीच्या कलण्यावरून भिंत दिसायची. त्यापुढच्या खेपेला छत्री, मिटलेली, टोकातून थेंब गळतोय. चौथ्या खेपेला दाराची कडी, अर्धवट सरकवलेली. चौकटी दरवेळी कोऱ्या. हात मात्र तोच, यात शंकाच नव्हती. शंकाबाईला सुद्धा नव्हती.

तिने शोध घ्यायचं ठरवलं. कागद बाहेर नेता येत नव्हता, पण डोळ्यांत राहिलेलं चित्र कोण काढून घेणार? आधी ती पाट्या रंगवणाऱ्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि म्हणाला, “ताई, मी फुकटात रेघसुद्धा ओढत नाही.” ते खरं होतं, उधारीवर रंगवलेली एकही पाटी अख्ख्या रस्त्यावर नव्हती. मग ती निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तरांकडे गेली.

“सावली कुठल्या बाजूला होती?” मास्तरांनी विचारलं.

“दरवेळी उजवीकडे.”

“म्हणजे उजेड डावीकडून. खिडकीपाशी बसून बघितलेल्या वस्तू आहेत या. आणि पक्क्या बघितलेल्या आहेत, कारण पडद्याआड समोर बादली कोण ठेवणार? हा माणूस शिकलेला नाही. शिकलेला असता तर त्याने भिंत काढली असती.”

“तुमच्यापेक्षा बरा काढतो म्हणायचा?”

“हो ना,” मास्तर मोकळेपणाने म्हणाले. “भेटला तर मलाही भेटवा.”

भेटला मात्र नाही. शंकाबाईचा सुतार पाहून झाला, घड्याळजी झाला, शाळेसमोर खडूने रस्ते भरणारा एक वेडा होता तोही झाला. नवरा म्हणायचा, “अगं, तू त्या माणसाला शोधायच्या नादात एक दिवस आपलं घर शोधत फिरशील.” ती हसायची. मनात मात्र तिला खरंच रुखरुख लागून राहिली होती. पाच वर्षांतून एकदा एक माणूस घरातून निघतो, रांगेत उभा राहतो, पडद्याआड जातो, एवढं सुंदर काहीतरी काढतो आणि रद्द होण्यासाठी पेटीत टाकून येतो. कशासाठी? कोणासाठी?

यंदाची निवडणूक वेगळी निघाली. कायमच्यांसमोर नर्सबाई उभी राहिली. प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं काम केलेली, मोठ्या आवाजाची बाई. मोज्याच्या अंगठ्याशी इस्पितळ आणि टाचेपाशी काहीच नाही, बायका वाटेतच बाळंत होतात, एवढा एकच मुद्दा घेऊन ती दारोदार हिंडली. निम्मा मतदारसंघ तिच्या हातात पहिल्यांदा रडला होता. लोक आधी हसले, मग ऐकायला लागले. शंकाबाईने स्वतः तिलाच मत दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं मत कुठेतरी लागू पडेल असं वाटून वाचनालयाच्या पायऱ्या ती जरा ताठ मानेने उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडागृहात मोजणी सुरू झाली. अकरापर्यंत कायमच्यांची माणसं खुर्च्यांवर रेलून बसली होती. बारा वाजता ती पुढे सरकून बसली. दोन वाजता उभी राहिली. गठ्ठे तीनदा मोजले, आणि तिन्ही वेळा दोघांची मतं सारखीच आली: एकतीस हजार चारशे अठरा. मागे उरले शंकास्पद मतांच्या टेबलावरचे कागद. वीस वर्षांत ज्या टेबलाकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्याभोवती आता उभं राहायला जागा नव्हती.

निवडणूक अधिकारी उंच, सडपातळ गृहस्थ होते. नियमांची पुस्तिका ते हातात नव्हे, डोक्यात ठेवत. एकेक कागद घेऊन त्यांनी निकाल दिला. दोन चौकटींत फुल्या: रद्द. मेव्हणा: रद्द. नावावर मारलेल्या फुल्या: ग्राह्य, तीन इकडे आणि तीन तिकडे. हिशोब पुन्हा बरोबरीचाच. शेवटी तेविसाव्या पेटीतला एक कागद राहिला.

शंकाबाईने तो सकाळीच ओळखून बाजूला ठेवला होता. या खेपेला चित्र तळाच्या पट्टीत नव्हतं. ते नर्सबाईच्या नावापुढच्या चौकटीत होतं.

“काय आहे हे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“चित्र आहे, साहेब.”

“चित्र म्हणजे फुली नव्हे!” कायमच्यांचा प्रतिनिधी ओरडला.

“पुस्तिकेत फुलीची सक्ती नाही,” अधिकारी शांतपणे म्हणाले. “खूण कसलीही चालते. तीन प्रश्न आहेत. खूण एकाच चौकटीत आहे का? आहे. मतदाराचा हेतू स्पष्ट आहे का? बाई, तुम्ही बघून सांगा.”

शंकाबाईने भिंग लावलं. इतका वेळ गडबडीत तिने चित्र धड पाहिलंच नव्हतं. एक बाई पाठमोरी बसली होती, टेबलाशी वाकून. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर. समोर दिवा, त्याची मान मधेच जाड झालेली, जशी चिकटपट्टी गुंडाळल्यावर होते. बाईने हातातलं काहीतरी दिव्यापाशी धरलं होतं, आणि तिच्या सगळ्या पाठीवरून कळत होतं की ते वाचता येत नाहीये, पण वाचल्याशिवाय ही उठणार नाही.

स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. म्हणून ओळख पटायला तिला क्षणभर लागला. दिवा आधी ओळखू आला. मग टेबल. घरी आणलेली अवघड पत्रं ती रोज संध्याकाळी ज्या टेबलावर बसून सोडवते, ते. आणि मग ते सगळं कुठून बघितलं की असं दिसतं, हे तिच्या लक्षात आलं. घरात अशी एकच जागा होती. खिडकीजवळची खुर्ची.

“बाई? हेतू स्पष्ट आहे का?”

“आहे,” ती कशीबशी म्हणाली.

नर्सबाईच्या माणसांत एकदम खळबळ उडाली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. अधिकाऱ्यांनी हात वर केला.

“तिसरा प्रश्न. मत गुप्त राहिलं पाहिजे. या खुणेवरून मतदार कोण आहे, हे इथे कोणाला ओळखता येतं का?”

हा प्रश्न ते मघापासून प्रत्येक कागदाला विचारत होते, आणि उत्तराची वाट न पाहता ‘नाही’समोर खूण करत होते. आताही त्यांचं पेन तिकडे निघालंच होतं. शंकाबाई गप्प राहिली असती तर जगात कोणाला कळणार नव्हतं. नर्सबाई निवडून आली असती. टाचेपाशी दवाखाना झाला असता. आणि तिच्या मनात आलंही तसंच. आपण काय देवाच्या दारात बसलोय का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. पण टपालात तिने एक गोष्ट वीस-पंचवीस वर्षं पाळली होती. पत्ता सापडेना म्हणून पत्र उघडायची परवानगी तिला होती. पत्ता सापडला की मात्र डोळा तिथेच थांबवायचा. तो थांबवायची सवय नसती तर तिला त्या टेबलावर बसायचा हक्कच नव्हता. आता तिचा डोळा पत्त्याच्या पार पुढे, लिहिणाऱ्यापर्यंत गेला होता.

“मला ओळखता येतं,” ती म्हणाली.

अधिकाऱ्यांचं पेन कागदाला टेकायच्या आतच थांबलं.

“कोण आहे?” कायमच्यांच्या प्रतिनिधीने विचारलं.

“ते मी सांगणार नाही. मत गुप्त असतं.”

“बरोबर,” अधिकारी म्हणाले, आणि पेन दुसऱ्या बाजूला नेऊन त्यांनी ‘होय’समोर खूण केली. शिक्का तिलाच मारावा लागला.

मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. अधिकाऱ्यांनी डोळे मिटून एक उचलली. नाव कायमच्यांचं निघालं. त्यांच्या माणसांनी त्यांना खांद्यावर घेतलं, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. नर्सबाई गर्दीतून वाट काढत शंकाबाईपाशी आली. आता ही काय काय बोलते ते मुकाट्याने ऐकून घ्यायचं, म्हणून शंकाबाई मान खाली घालून उभी राहिली.

“खरं बोललीस ना?” नर्सबाईने विचारलं.

“हो.”

“मग झालं तर,” असं म्हणून ती निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शंकाबाईला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

घरी आली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. नवरा दुकानातून यायचा होता. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. शंकाबाई पाणी प्यायली, तिने पिशवी जागेवर ठेवली, उगाच एक भांडं विसळलं. दरवेळी ती दारातूनच सांगत यायची. आज तिने आणखी एक भांडं विसळायला घेतलं. शेवटी वीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंनीच विषय काढला.

“काय गं, या वेळी नव्हतं का काही?”

शंकाबाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. एवढ्या जवळ ती बहुधा कधीच बसली नव्हती. सासूबाईंच्या बोटांकडे तिने पाहिलं. साधीच बोटं, भाजी चिरणारी.

“होतं,” ती म्हणाली. “आई, इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.”

सासूबाईंनी नजर खिडकीबाहेर नेली. मग म्हणाल्या, “काय बोलायचं? यांना कागद फुकट घालवलेला चालत नसे. लग्न होऊन आले तेव्हा एकदा काढलं होतं, तर सगळे बघायला गोळा झाले आणि हसले. त्या पडद्याआड कोणी बघत नाही. पेन्सिल पण ठेवलेली असते. मत कोणाला द्यायचं ते हे सांगायचे. हे गेले, मग कोणी सांगेना. म्हटलं, आपल्याला कुठे काय कळतंय, आपण आपलं चित्र काढून यावं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तू घरी येऊन सांगायचीस ना. पाणी सांडेल असं वाटलं म्हणालीस. माझ्या लक्षात आहे.”

पाट्यावाला, मास्तर, सुतार, सगळं गाव ती पालथं घालून आली होती, आणि दरवेळी त्याची हकीकत इथेच बसून सांगितली होती.

“पण यंदा चौकटीत का काढलंत?”

“मत दिलं,” सासूबाई म्हणाल्या. जरा ऐटीतच. “ती नर्स आली होती दारात. तू कामाला गेली होतीस. मी म्हटलं, मुलगा घरात नाही. तर म्हणाली, आजी, मी तुमच्याकडेच आलेय, तुमचं काय म्हणणं आहे? बसली की अर्धा तास इथे! माझं म्हणणं विचारलं तिने. मग द्यायला नको का मत?”

“मग साधी फुली मारायची ना, आई.”

“फुली मारली असती तर मी येऊन गेले ते तुला कसं कळलं असतं?”

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“माझं मोजलं ना गं?”

तिला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीला कोण सांगायला येणार होतं? “नाही मोजलं,” ती म्हणाली. “मतदार ओळखू आला तर मत रद्द होतं. कोणालाच ओळखू आलं नव्हतं, आई. मला आलं. मीच सांगितलं.” आणि आपण डोळ्यांना पदर लावला आहे हे तिला नंतर कळलं. “त्या एका मतावाचून नर्सबाई पडली.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावर आधी राग आला. तो राग तिला स्पष्ट दिसला आणि तो तिने सोसला. मग त्यांनी हात पुढे करून सुनेचा अंबाडा चाचपला, त्यातली पेन्सिल जागच्या जागी आहे ना ते पाहिलं आणि हात मागे घेतला.

“पुढच्या वेळी फुली मारीन,” त्या म्हणाल्या. “नुसती फुली. तुलासुद्धा ओळखू येणार नाही अशी.”

“मारा, आई.”

“किती वर्षांनी असते गं?”

“पाच.”

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावरही त्या बोटांकडेच बघत राहिल्या, कारण गेल्याच महिन्यात त्यांना शहाऐंशी पूर्ण झाली होती.